पुसानची पाचवी शर्यत

शनिवार, २४ सप्टेंबर १९८८. दक्षिण कोरियातल्या पुसान बंदराबाहेर, सुयोंगच्या उपसागरात तुम्ही एका डिंगीत आहात. नाव साडेचार मीटरची, शीड एक आणि माणूसही एकच. शिडावर दोन निळ्या नागमोडी रेघा आहेत, म्हणजे ही 'फिन'. स्वीडनच्या रिकार्ड सार्बीने १९४९ मध्ये आखलेली आणि १९५२ पासून २०२० पर्यंत एकही ऑलिम्पिक न चुकवलेली. जालन्याचा माणूस इथे कसा, हे विचारू नका. जाकिटावर कोणत्या देशाचा झेंडा आहे तेही बघू नका. काळप्रवासात एवढी सूट घ्यावीच लागते.

ऑलिम्पिक सेऊलचं असलं तरी शिडांच्या शर्यती इथे पुसानला आहेत. एकूण सात. त्यातली सगळ्यात वाईट एक सोडून देतात, बाकी सहांचे गुण धरतात. आजची पाचवी आहे, तेव्हा रडतखडत का होईना, ती पुरी करायलाच हवी.

सकाळी पाण्यात उतरलात तेव्हा वारा पंधराएक नॉटचा होता, म्हणजे ताशी २८ किलोमीटर. डिंगीवाल्याला याहून चांगलं काय हवं! आता तो ३५ नॉटवर गेला आहे. ताशी ६५ किलोमीटर. आपल्याकडे एवढा वारा सुटला तर मोसंबीच्या बागेत सडा पडतो आणि शेडचे पत्रे शोधायला शेजारच्या शिवारात जावं लागतं.

मोठ्या शिडाच्या होडीला तळाशी वजन असतं, ती कलली तरी सावरते. डिंगीला असं काही नसतं. पोटातून खाली सोडलेली एक फळी, बस. नाव सरळ ठेवायची ती तुमच्या अंगाच्या वजनाने. म्हणून तुम्ही वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसलात, पाय आतल्या पट्ट्यात अडकवलेत आणि कमरेपासून वरचं सगळं शरीर बाहेर पाण्यावर झोकून दिलंत. याला हायकिंग म्हणतात. डोंगरातल्या हायकिंगशी त्याचा काही संबंध नाही. मांड्या पेटल्यात, पोटाचे स्नायू थरथरतायत, आणि अजून अर्धी शर्यत बाकी आहे. एका हातात सुकाणूचा लांब दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. झोत आला की दोरी सैल, झोत गेला की लगेच ओढ. सेकंदाचा उशीर झाला तर शीड पाण्यात आणि तुम्ही शिडाखाली. फिन चालवणारे बहुतेक नव्वद-शंभर किलोचे गडी असतात ते उगाच नाही. त्या काळात तर पाणी शोषून जड होणारी जाकिटं अंगावर चढवून वजन वाढवायची मुभा होती.

समुद्र न पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट पटत नाही: वारा समोरून येतोय आणि नाव त्याच्याकडेच चालली आहे. सरळ नाक धरून कुणालाच जाता येत नाही, पण साधारण ४५ अंशांवर तिरकं जाता येतं. शीड फुगून बाक धरतं, त्या बाकावरून वाहणारा वारा नावेला बाजूला ओढतो, खालची फळी बाजूला सरकू देत नाही, मग नाव पुढे सटकते. थोडं डावीकडे, वळण घेऊन थोडं उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक वळणावर डोलकाठीच्या आडव्या दांड्याखालून वाकून पलीकडच्या काठावर उडी. परतीला वारा पाठीशी असतो तेव्हा सुटका झाली असं वाटेल, पण खरी भीती तिथेच. लाटेवरून घसरत नाव सुसाट निघते, नाक पाण्यात खुपसते, आणि तो आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला फिरला की मधे आलेल्या डोक्याची काही खैर नसते.

शिवाय इथे वारा आणि प्रवाह एकमेकांच्या अंगावर येतात. असं झालं की लाटा लांबट राहत नाहीत. आखूड होतात, उभ्या होतात आणि माथ्यावर फुटतात. माणसापेक्षा उंच लाटा. शर्यतीचा मार्ग दाखवायला चकचकीत रंगाचे तरंगते बोये टाकलेत खरे, पण ज्वारीच्या उभ्या पिकात शिरलेल्याला बांधावरचा माणूस दिसत नाही तशी तुमची गत आहे. लाटेच्या खळग्यात फक्त पाणी. माथ्यावर चढलात की क्षणभर सगळा समुद्र दिसतो, पण त्या क्षणात बोया शोधायचा की नाव सांभाळायची?

सगळ्यात पुढे असलेल्या कॅनडाच्या गड्याचंही असंच झालं. लॉरेन्स लेम्यू, वय ३२. लाटांआड बोया दिसलाच नाही, तो चुकवून पुढे गेला. मागे येऊन बोयाला वळसा घालावा लागला. तरी अजून दुसरा आहे. हा लेम्यू अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनचा. नकाशात बघा: गव्हाचा सपाट मुलूख, आणि समुद्र मधल्या पर्वतरांगा ओलांडून शेकडो किलोमीटर दूर. म्हणजे तुमच्या जालन्यासारखीच गत. त्यामुळे 'आपल्याकडे समुद्र नाही' ही सबब इथे सांगायला जाऊ नका. आपल्याही देशात हैदराबादच्या हुसेनसागरावर दरवर्षी शिडाच्या शर्यती होतात, आणि जालना त्या हैदराबादच्या राज्यात शतकं काढलेलं गाव आहे.

शेजारच्या पाण्यात दुसरी शर्यत चालू आहे, '४७०' वर्गाची. चार मीटर सत्तर सेंटिमीटरची नाव, म्हणून हे नाव. हिच्यात दोघे असतात. एक सुकाणूवर, दुसरा डोलकाठीच्या तारेला लटकून पाय काठावर रोवून जवळजवळ आडवा. या ताफ्यात भारतही आहे: फारुख तारापोर आणि केली राव. तारापोर म्हणजे १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईच्या पाण्यावर झरीर करंजियांबरोबर 'फायरबॉल' वर्गाचं सुवर्णपदक मिळवलेले. आणि याच ताफ्यात सिंगापूरची जोडी आहे, जोसेफ चॅन आणि सिऊ शॉ हर.

आता तुम्ही एका माथ्यावर चढलात. डाव्या हाताला काहीतरी पांढरं दिसलं. उलटलेली नाव. तिच्या पाठीला एक माणूस चिकटलाय. पुन्हा खळगा, पुन्हा पाणी. पुढच्या माथ्यावर दिसलं की नावेपासून बऱ्याच अंतरावर एक डोकं आहे आणि ते आणखी लांब चाललंय.

तुम्ही काय केलंत? प्रामाणिकपणे सांगा. 'बचावाच्या होड्या आहेत की' असं म्हणालात आणि दोरी ओढलीत. मीही तेच म्हटलं असतं. एवढ्या वाऱ्यात स्वतःची नाव उभी ठेवणं हीच मुश्कील, त्यात तो ताफा दुसऱ्याचा, शर्यत दुसऱ्याची. बचावाच्या होड्या आहेतही, पण आज उलटणारे इतके आहेत की त्या पुऱ्या पडत नाहीत.

समोर लेम्यूची फिन मात्र वळली. शर्यतीच्या रेषेतून बाहेर.

आता तुमची नाव सोडा आणि त्याच्या नावेवर चला. काळप्रवाशाला बुडायचं भय नसतं. फिनच्या तळाला छोट्या झडपा असतात. नाव वेगात असली की त्यांतून आतलं पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं. नाव थांबली की हा कारभार बंद. लेम्यूला हे पक्कं ठाऊक आहे: लांब वाहत चाललेल्या त्या डोक्यापाशी, म्हणजे चॅनपाशी, थांबायचं म्हणजे आपली नाव पाण्याने भरू द्यायची. तो तरीही जातो. दोरी सोडतो, शीड फडफडू लागतं, दोरीचं टोक चाबकासारखं फटकारतं. काठावरून वाकून तो चॅनला धरतो. भिजलेल्या कपड्यांसकट दमलेला माणूस वर ओढायचा म्हणजे काय, हे विहिरीतून कुणाला काढलेल्यालाच कळेल. ओढताना नाव त्याच बाजूला कलते, काठावरून लाट आत येते. तोल गेला तर पाण्यात तिघं. चॅन कसाबसा आत येतो. मग भरलेली, जडावलेली, एकट्यासाठी बनलेली ती फिन दोघांना घेऊन उलटलेल्या ४७० कडे निघते. सिऊ तिथे तग धरून आहे. लेम्यू थांबतो. कोरियाच्या नौदलाची होडी येऊन दोघांना उचलेपर्यंत थांबतो. दोघांनाही लागलेलं आहे.

मग तो पाणी उपसतो आणि पुन्हा शर्यतीत उतरतो! ही गोष्ट सांगताना लोक हा भाग गाळतात. मला तोच सगळ्यात आवडतो. पदक गेलं म्हणून चेहरा पाडून किनाऱ्याकडे वळला नाही. वीसहून जास्त नावा पुढे निघून गेल्या होत्या, त्यांच्यामागून त्याने शर्यत पुरी केली.

पंचांनी नंतर त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक बहाल केला, कारण वळला तेव्हा तो दुसरा होता. सगळ्या शर्यती मिळून तो अकरावा आला. सुवर्ण स्पेनच्या होसे लुईस डोरेस्तेला गेलं. पदक समारंभात ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष सामारांच यांनी लेम्यूला खिलाडूवृत्तीचं पिएर द कुबेर्तां पदक दिलं. लेम्यूच्या त्या शर्यतीच्याच दिवशी सेऊलमध्ये कॅनडाचाच धावपटू बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला होता. तीन दिवसांनी उत्तेजकापायी त्याचं पदक काढून घेतलं, तरी त्या तारखेला जगाला जॉन्सनच आठवतो.

लेम्यूची गोष्ट शाळेच्या भाषणांत 'त्याग' म्हणून सांगतात. मला ते तितकंसं पटत नाही. शिडाच्या शर्यतींच्या नियमांत अगदी सुरुवातीलाच लिहिलंय की पाण्यात कुणी संकटात असेल आणि तुम्ही मदत करू शकत असाल, तर ती केलीच पाहिजे. वाऱ्याचे, वळणाचे, वाट देण्याचे नियम त्यानंतर येतात. आणि मदत करताना गेलेली जागा भरून द्यायची सोयही त्याच पुस्तकात आहे. लेम्यूने केलं ते नियमानुसार. नियम तर पाण्यावरच्या सगळ्यांनाच लागू होता, तुम्हालाही. पण तो पाळायला आधी ते डोकं दिसावं लागतं, दिसल्यावर 'दुसरं कुणी बघेल' असं म्हणायचं नसतं, आणि नाव हाताळायचं कसबही लागतं. तिन्ही त्याच्याकडे होतं.

कसबाचा मुद्दा आपल्याकडे विसरला जातो. त्या शनिवारी जालन्यात गणपतीचे दिवस होते. विसर्जनाच्या वेळी तळ्यात, धरणात, विहिरीत कुणीतरी बुडाल्याची बातमी मराठवाड्यात वर्षाआड तरी वाचायला मिळतेच, आणि पुष्कळदा त्यात दोन नावं असतात: बुडणाऱ्याचं आणि त्याच्यामागे उडी मारणाऱ्याचं. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो, पोहणाऱ्यालाही खाली नेतो. लेम्यू पाण्यात उतरला नाही. तो नावेत राहिला आणि माणसाला वर ओढलं.

तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, यंदा वर्गणीतून आधी एक लांब दोरखंड आणि ट्रकची फुगवलेली ट्यूब घ्या. मोती तलावावर जाल तेव्हा दोरखंडाचं एक टोक ट्यूबला बांधा, दुसरं काठावरच्या दोन धडधाकट माणसांच्या हातात द्या. एकाला मूर्तीकडे पाठ करून फक्त पाण्याकडे बघायला उभं करा. कुणी बुडताना दिसलं तर ट्यूब फेका, ती नसेल तर झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. काठी, साडी, पंचा, जे हाताशी असेल ते काठावर पालथं झोपून पुढे करा. आणि पट्टीचं पोहता येत असलं तरी रिकाम्या हाताने उडी मारू नका.