टेकूचा चष्मा व पापण्यांसाठीची पूरक साधने

वरची पापणी लोंबल्यामुळे किंवा पापण्या आपोआप घट्ट मिटत राहिल्यामुळे ज्यांची दृष्टी अडते, त्यांच्यासाठी चष्म्याच्या फ्रेमवर बेतलेली साधने. पडलेली पापणी उचलून धरणारा टेकूचा चष्मा, ठरावीक प्रकाश गाळणारी रंगीत काच आणि डोळ्याभोवती ओलावा राखणारा बंदिस्त चष्मा हे यांतले मुख्य प्रकार. चिकटपट्ट्या, औषधी थेंब व चुंबकावर चालणारी अलीकडची साधने त्यांच्या जोडीला येतात. मूळ आजार यांतल्या कशानेही बरा होत नाही. मात्र शस्त्रक्रिया झेपत नसेल किंवा इंजेक्शनचा पुरेसा गुण येत नसेल, तेव्हा माणसाला वाचता, रस्ता ओलांडता आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलता येते ते यांच्यामुळे. डोळे शाबूत असूनही आंधळेपण भोगणाऱ्या माणसासाठी हे थोडे नाही.

वरची पापणी उचलण्याचे मुख्य काम उत्थापक स्नायू करतो. त्याला मेंदूतून निघणारा तिसरा मज्जातंतू चालवतो. त्याच्या मागे असलेला म्युलरचा लहान स्नायू आणखी १–२ मिमी. उचल देतो. निरोगी डोळ्यात ही पापणी स्वच्छमंडलाचा, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा १–२ मिमी. भाग झाकते. ती याहून खाली आली की तिला पडलेली पापणी म्हणतात. उतारवयात स्नायूचा कंडरा सैल होणे हे याचे सर्वांत नेहमीचे कारण. काहींच्या स्नायूची वाढच जन्मतः अपुरी असते. स्नायू लवकर थकवणाऱ्या मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात पापणी सकाळी बरी असते आणि दिवस कलेल तशी उतरत जाते. डोळ्यांच्या स्नायूंचे काही आनुवंशिक आजार दोन्ही पापण्या वर्षानुवर्षे हळूहळू खाली आणतात. असे रुग्ण कपाळाला आठ्या घालून, हनुवटी वर करून पाहतात. मान व कपाळ दुखते म्हणून ते डॉक्टरकडे जातात आणि मूळ दुखणे पापणीचे निघते.

पापण्या आवळण्याचा विकार, ज्याला डॉक्टर ब्लेफरोस्पाझम म्हणतात, याच्या अगदी उलट आहे. तिथे उचलणारा स्नायू दुबळा नसतो; डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू मेंदूच्या चुकीच्या आज्ञेने आवळला जातो. सुरुवात उघडझापीने होते, पुढे उजेड खुपू लागतो आणि शेवटी डोळे सेकंद-सेकंद, कधी मिनिटभर, उघडतच नाहीत. हा विकार बहुधा पन्नाशीच्या पुढे आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. आपल्याकडे डोळा लवणे शुभ की अशुभ याची चर्चा घरोघर होते. पण थकवा, जागरण किंवा जास्त चहा-कॉफीने एका पापणीचा कोपरा चार दिवस फडफडणे निराळे आणि दोन्ही डोळे मिटून रस्त्यात उभे राहावे लागणे निराळे. पहिले आपोआप थांबते, दुसऱ्याला उपचार लागतो. फ्रेंच मज्जातज्ज्ञ आंरी मेज यांनी १९१० मध्ये चेहऱ्याच्या अशा आचक्यांचे वर्णन केले. तरीही पुढे अनेक दशके या रुग्णांना मानसिक रुग्ण ठरवले गेले. लंडनचे मज्जातज्ज्ञ डेव्हिड मार्सडेन यांनी १९७६ मध्ये हा स्नायुताणाचा, म्हणजे मेंदूतील हालचाल-नियंत्रणाचा, विकार असल्याचे ठामपणे मांडले. ‘मनावर घेऊ नका, डोळे उघडा’ असे आजही या रुग्णांना घरात ऐकवले जाते. ते अन्यायाचे आहे.

टेकूचा चष्मा दिसायला साधा असतो. फ्रेमच्या आतल्या बाजूला, काचेच्या वरच्या कडेजवळ एक बारीक गोल तार बसवतात. ती डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कमानीशी मिळतीजुळती वाकवलेली असते. चष्मा घातला की तार पापणीच्या घडीत बसते आणि पापणीची सैल त्वचा मागे-वर ढकलून धरते. तार नाकाच्या बाजूला एकाच टोकाने जोडलेली असली तर तिला लवचिकपणा येतो आणि डोळा मिटायला थोडी मोकळीक मिळते. दोन्ही टोकांनी जोडलेली तार अधिक पक्की, पण अधिक ताठही. तार पोलादाची किंवा सोन्याची असते, त्वचेला टोचू नये म्हणून तिच्यावर सिलिकॉनचे वा प्लास्टिकचे आवरण घालतात. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्याने धातू आधीच विचारून घ्यावा.

या चष्म्याचे यश जवळजवळ सगळे बसवण्यावर असते. नाकावर घसरणाऱ्या फ्रेमवर टेकू टिकत नाही. चष्मा दोन मिलिमीटर उतरला की पापणीही तेवढीच उतरते. म्हणून नाकावर फिरते पॅड असलेली, कानामागे नीट वळलेली धातूची फ्रेम बरी. काच पुरेशी उंच हवी, म्हणजे तारेला जागा मिळते. वाचण्याचा आणि लांबचा असे दोन चष्मे असतील तर दोन्हींना टेकू लागतो. त्यापेक्षा दोन्ही नंबर एकाच काचेत घेतलेले सोयीचे. तयार माल म्हणून हा चष्मा दुकानात मिळत नाही. चेहरा पाहून, तार वाकवून, रुग्णाला बसवून, पुन्हा वाकवून तो करावा लागतो. हा वेळ द्यायला तयार असलेला ऑप्टिशियन सापडणे हीच मोठी अडचण ठरते. नेत्रतज्ज्ञही शस्त्रक्रियेचा विषय संपला की पुष्कळदा इथवर येत नाहीत, आणि रुग्ण बोटाने पापणी धरून पेपर वाचत राहतो.

पापणी उघडी ठेवणे हे अर्धेच काम. प्रत्येक उघडझापीबरोबर अश्रूंचा पातळ थर स्वच्छमंडलावर पसरतो. टेकूने पापणी अडली की तो पसरत नाही. पडदा कोरडा पडतो, खरवडतो, जखम झाल्यास जंतुसंसर्ग होऊन नजर कायमची जाऊ शकते. त्यामुळे चष्मा करण्याआधी डॉक्टर तीन गोष्टी तपासतात : अश्रू पुरेसे आहेत का, स्वच्छमंडलाला स्पर्श जाणवतो का आणि डोळे मिटताना बुबुळ वर सरकते का. शेवटची हालचाल झोपेतही पडद्याचे रक्षण करते. डोळे जागच्या जागी गोठवणाऱ्या स्नायूंच्या आजारांत ती नसते, म्हणूनच त्या रुग्णांची पापणी शस्त्रक्रियेने वर बांधणे धोक्याचे होते. काढून ठेवता येणारा टेकू त्यांना अधिक मानवतो. सुरुवातीला तो अर्धा तास घालावा, मग हळूहळू वेळ वाढवावा, मधेमधे काढून डोळे पूर्ण मिटावेत, कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत. तार रोज साबणाने धुवावी. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागले तर चष्मा बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावे. जन्मतः पापणी पडलेल्या मुलांच्या बाबतीत तर निर्णय नेत्रतज्ज्ञानेच घ्यावा. झाकलेल्या डोळ्याची दृष्टी लहानपणीच मंदावते आणि मोठेपणी ती परत आणता येत नाही.

पापण्या आवळणाऱ्या रुग्णाला हाच टेकू सरसकट लागू पडत नाही. घट्ट आवळलेल्या स्नायूशी तारेने झगडण्यात अर्थ नाही. त्याचा मुख्य उपचार बॉट्युलिनम विषाची सूक्ष्म मात्रा पापण्यांभोवती टोचणे हा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी हे विष औषध म्हणून विकसित केले. १९८९ मध्ये अमेरिकेने त्याला तिरळेपणा व ब्लेफरोस्पाझम यांसाठी मान्यता दिली. गुण काही दिवसांत दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. शेवटच्या आठवड्यांत तो ओसरतो, तेव्हा चष्म्याची साधने खरी उपयोगी पडतात. काही रुग्णांत आवळणे कमी होऊनही पापणी उघडण्याची आज्ञाच स्नायूला वेळेवर मिळत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांतही हे दिसते. अशा वेळी टेकूच्या हलक्या स्पर्शाने पापणी उघडते. कानशिलावर बोट टेकवणे, गुणगुणणे, च्युइंगम चघळणे अशा युक्त्या रुग्ण स्वतःच शोधून काढतात. टेकूचा स्पर्श त्याच जातीचा आहे, जोराने उचलण्याचा त्यात फारसा वाटा नाही.

उजेड खुपणे हा या विकाराचा सर्वांत जाचक भाग. त्यावर एफएल-४१ नावाची गुलाबी छटेची काच वापरतात. ती निळा-हिरवा प्रकाश, विशेषतः ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, अधिक गाळते. ट्यूबलाइट सोसवत नाही अशांसाठी ती इंग्लंडमध्ये वापरात आली. १९९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी अर्धशिशी असलेल्या मुलांवर तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्लेफरोस्पाझमच्या रुग्णांत उघडझाप आणि प्रकाशाचा त्रास तिने कमी होतो, असे अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात दिसले. घरात काळा चष्मा लावून बसणे मात्र टाळावे : डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही बोचू लागतो. गडद काच उन्हासाठी ठेवावी, गुलाबी घरात व ऑफिसात. रात्री गाडी चालवताना दोन्ही नकोत.

कोरड्या डोळ्यांनी आवळणे वाढते. बाजूंना सिलिकॉनची कड असलेला बंदिस्त चष्मा वारा व धूळ अडवतो आणि अश्रूंचे बाष्प आत राखतो. पंख्याखाली किंवा रिक्षातून जाताना त्याचा फरक लगेच जाणवतो. मोठ्या व्यासाची स्क्लेरल लेन्सही पडदा ओला ठेवते आणि पापणीला थोडा आधार देते, पण ती महाग आहे व घालणे-काढणे शिकावे लागते.

पारदर्शक चिकटपट्टी समारंभापुरती ठीक. रोज लावल्याने उतारवयातली पातळ त्वचा सोलवटते. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसाच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयात केव्हिन ह्यूस्टन व सहकाऱ्यांनी चुंबकीय साधनावर काम केले आहे. त्यात पापणीवर छोटा चुंबकीय तुकडा चिकटवतात आणि फ्रेममधले चुंबक तो वर खेचते. डोळा मिटण्याइतपत ओढ सैल ठेवता येते, हा त्याचा तारेवरचा मोठा फायदा. औषधांत ऑक्सिमेटाझोलिनच्या ०.१ टक्के थेंबांना प्रौढांतील पडलेल्या पापणीसाठी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते म्युलरच्या स्नायूला उत्तेजन देतात, त्यामुळे उचल थोडीच मिळते. याच नावाचे नाकाचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात. ते डोळ्यात कधीही घालू नयेत.

पापणी अचानक पडली, सोबत तीव्र डोकेदुखी आहे, दोन-दोन दिसते, त्या बाजूची बाहुली मोठी झाली आहे किंवा मान दुखून बाहुली लहान झाली आहे, तर चष्म्याचा विचार करू नये. मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या मज्जातंतूवर दाब देत असेल किंवा मानेतील धमनीचे अस्तर फाटले असेल. अशा रुग्णाला त्याच घटकेला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.