ब्रेक सुटतो कसा?

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरमधून आम्ही पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. कात्रज सोडले तेव्हा गाडी ठीक होती. तासाभरात इंजिन दमल्यासारखे ओढू लागले, ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट झाले आणि उतरून पाहिले तर चारही चाकांपाशी जळका वास. चहा घेऊन तासभर थांबलो. मग गाडी ढकलून पाहिली, तर सहज सरकली! पुढे दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा तोच प्रकार.

पास्कलचा नियम शिकवताना आपण मोटारीच्या ब्रेकचे उदाहरण हमखास देतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. म्हणून पेडल दाबले की चारही चाकांतले दट्ट्या सरकतात आणि ब्रेक-शू ड्रमवर घासतात. हे झाले ब्रेक लागण्याचे. तो सुटतो कसा, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. ब्रेकच्या इतिहासात मात्र त्याने बराच घाम गाळायला लावला आहे.

पास्कलचा द्रवांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने घेतले ते १७९५ मध्ये. मधल्या सव्वाशे वर्षांत नियम माहीत होता, पण दट्ट्याच्या कडेने होणारी गळती थांबवणे कठीण होते. ब्रामाच्या यंत्रात हे काम चामड्याच्या खोलगट कड्याने केले. दाब वाढला की कड्याची कड भिंतीला अधिकच घट्ट बसे. या युक्तीचे श्रेय सहसा त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉड्सलेला दिले जाते.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात. चार चाकांवर सारखी ओढ बसवणे हा कारागिराच्या संयमाचाच कस. एक चाक आधी धरले की गाडी बाजूला खेचलीच. अमेरिकेत मॅल्कम लॉकहीडने तारेऐवजी द्रव वापरण्याचे पेटंट १९१७ मध्ये मिळवले. (त्याच्या मूळ आडनावाचा उच्चार लोक भलताच करत, म्हणून त्याने स्पेलिंगच बदलले. विमानांवर दिसते ते लॉकहीड नाव याच भावंडांचे.) १९२१ मध्ये फ्रेंच ग्रां प्री जिंकणाऱ्या ड्यूसेनबर्ग गाडीला द्रवचलित ब्रेक होते. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी अभियंत्यांनी लॉकहीडच्या गळक्या चामडी कपांच्या जागी रबरी कप आणले. तरीही फोर्डने सळ्या-तारा सोडल्या त्या १९३९ सालच्या गाड्यांमध्ये.

आता सुटण्याकडे वळू. पाय उचलला की शूंना जोडलेल्या स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात आणि द्रव मास्टर सिलिंडरकडे परततो. पण ड्रम तापला की नळीतला द्रवही तापून प्रसरण पावतो. बंद नळीत त्याला जागा नाही, म्हणून तो दट्ट्यांनाच ढकलेल. यावरचा उपाय म्हणजे मास्टर सिलिंडरच्या भिंतीतले सुईने टोचल्यासारखे एक भोक. पेडल मोकळे असताना रबरी कप या भोकाच्या जरा मागे थांबतो आणि वाढलेला द्रव भोकातून वरच्या टाकीत जातो. पेडल दाबले की कप पुढे येऊन भोक झाकतो आणि मगच दाब तयार होतो. माझ्या मते संपूर्ण रचनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच.

हे भोक बुजले तर? शू किंचित घासतात, उष्णता वाढते, द्रव फुगतो, शू अधिक घासतात. थंड झाल्यावर द्रव आकसतो आणि चाके मोकळी होतात. आमच्या गाडीचे चहापुराण ते हेच. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष नाहीसा होतो आणि मालकावर कोणी विश्वास ठेवत नाही.

शिरवळजवळच्या मिस्त्रींनी मात्र ठेवला. गाडी तापलेली असतानाच त्यांनी चाकांना दगड लावून पुढचे एक चाक जॅकवर घेतले. ते हाताने फिरेना. मग मास्टर सिलिंडरपाशी नळीचा नट थोडा सैल केला. बारीक चिळकांडी उडाली आणि चाक फिरू लागले. म्हणजे दाब मास्टर सिलिंडरमध्येच अडकला होता. तिथे काही फरक पडला नसता, पण चाकापाशी हवा काढण्याचे निपल उघडल्यावर चाक सुटले असते, तर संशय मधल्या रबरी नळीवर. ती आतून सुजली की पायाच्या जोरावर द्रव पुढे जातो, स्प्रिंगेच्या जोरावर परतत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले, तर दोष यांत्रिक: गंजलेला दट्ट्या, मोडकी स्प्रिंग, किंवा फक्त मागची चाके धरत असतील तर हँडब्रेकची अडकलेली केबल. (नट सैल केला की नळीत हवा शिरते, ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.)

मास्टर सिलिंडर उघडला तर आतला कप टम्म फुगलेला, त्याची कड भोकावर आलेली. आठवड्यापूर्वी कोणीतरी 'ब्रेक ऑइल' कमी दिसले म्हणून टाकीत इंजिन ऑइल ओतले होते. खरा अपराधी हे नाव आहे. त्याचाही इतिहास आहे. सुरुवातीच्या काळात ब्रेकमध्ये खरोखरच तेल घालत, पण एरंडेल, अल्कोहोल मिसळून पातळ केलेले. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते, एरंडेलात जवळजवळ नाही. पुढे ग्लायकॉल जातीचे द्रव आले. ते रबराला चालतात आणि त्यांचा उत्कलनांकही उंच असतो. 'डॉट ३' प्रकाराचा तो ताजा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस हवा. पण हे द्रव हवेतली वाफ शोषतात. पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते आणि सिलिंडर आतून गंजतात. एकच चाक धरण्यामागे बऱ्याचदा हा गंज असतो. तेल गेले, नाव उरले.

मिस्त्रींनी नळ्या धुऊन काढल्या आणि चारही चाकांतले कप, रबरी नळ्या असे झाडून सगळे रबर बदलले, कारण ते तेल कुठवर पोहोचले हे सांगता येत नव्हते. फुगलेला एक कप मी मागून घेतला. वर्गासाठी तोही लागत नाही. फुग्याच्या रबराच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या कापाव्यात, एक इंजिन ऑइलमध्ये आणि दुसरी एरंडेलात ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पुसून मुलांना पट्टीने मोजायला द्याव्यात.