संशोधनातील पेप्टाइडांची तयारी व साठवण

संशोधनातील पेप्टाइडांची तयारी व साठवण या विषयात दोन गोष्टी मोडतात. पहिली म्हणजे प्रयोगांसाठी मिळवलेल्या पेप्टाइडाच्या पुडीपासून ठरावीक संहतीचे द्रावण करणे. दुसरी म्हणजे पूड व द्रावण या दोन्ही रूपांत पेप्टाइडाची रासायनिक रचना टिकवून ठेवणे. पेप्टाइड ही ॲमिनो आम्लांची पेप्टाइड बंधांनी जोडलेली साखळी असते. साधारणपणे 50पर्यंत ॲमिनो आम्ले असलेल्या साखळीस पेप्टाइड आणि त्याहून लांब साखळीस प्रथिन म्हणतात. ही सीमारेषा काटेकोर नाही. पेप्टाइडाची विद्राव्यता आणि टिकाऊपणा हे साखळीतील ॲमिनो आम्लांवर व त्यांच्या क्रमावर अवलंबून असतात. त्यामुळे सर्व पेप्टाइडांना लागू पडेल अशी एकच कृती नसते. चुकीच्या रीतीने विरघळवलेले किंवा साठवलेले पेप्टाइड बहुधा पूर्वीसारखेच दिसते. त्यातील बिघाड प्रयोगाच्या चुकीच्या निष्कर्षातूनच उघडकीस येतो.

पार्श्वभूमी

पेप्टाइडांच्या संश्लेषणाचा पाया जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 20व्या शतकाच्या आरंभी घातला. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये ऑक्सिटोसिन या नऊ ॲमिनो आम्लांच्या संप्रेरकाचे संश्लेषण जाहीर केले. त्यांना 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी 1963 मध्ये घन आधारावरील संश्लेषणाची पद्धत मांडली. या पद्धतीत साखळीचे एक टोक राळेच्या मण्यांना जोडून ठेवतात आणि एकेक ॲमिनो आम्ल क्रमाने जोडत जातात. प्रत्येक पायरीनंतर उरलेली रसायने धुऊन टाकता येत असल्याने काम सोपे व यंत्राधीन झाले. या कार्यासाठी मेरिफील्ड यांना 1984 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

संश्लेषणानंतर पेप्टाइड राळेपासून सोडवून एचपीएलसी या वर्णलेखन तंत्राने शुद्ध करतात आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्याचा रेणुभार तपासतात. शेवटी द्रावण गोठवून निर्वातात वाळवले जाते. या क्रियेस लायोफिलायझेशन म्हणतात. तीत बर्फाचे द्रवरूप न होता थेट वाफ होते आणि मागे हलकी, सच्छिद्र पूड उरते. भारतात सर्पदंशावर दिली जाणारी प्रतिविषाची पूडही याच तंत्राने तयार होते. तिच्या कुपीत निर्जंतुक पाणी घालून ती वापरतात. प्रतिविषातील रेणू पेप्टाइडांहून कितीतरी मोठे असले, तरी पाणी काढून घेतल्याने ऱ्हास मंदावतो हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

शुद्धता आणि निव्वळ पेप्टाइड प्रमाण

कुपीवरील शुद्धतेचा आकडा आणि कुपीतील पेप्टाइडाचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. शुद्धता 95 टक्के असणे म्हणजे एचपीएलसीच्या आलेखात आढळलेल्या पेप्टाइडसदृश घटकांपैकी 95 टक्के भाग अपेक्षित पेप्टाइडाचा असणे. पुडीत याखेरीज शोषलेले पाणी आणि शुद्धीकरणातून आलेले क्षार असतात. त्यांत ट्रायफ्लुओरोॲसिटेट हा क्षार विशेष आढळतो. हे वगळून उरणाऱ्या भागास निव्वळ पेप्टाइड प्रमाण म्हणतात. ते अनेकदा 60 ते 90 टक्क्यांच्या दरम्यान असते. आम्लारिधर्मी ॲमिनो आम्ले जास्त असलेल्या पेप्टाइडांत क्षाराचा वाटा मोठा असतो.

उदाहरणार्थ, कुपीत 5 मिलिग्रॅम पूड असून पेप्टाइडाचा रेणुभार 1,250 आणि निव्वळ प्रमाण 80 टक्के असेल, तर प्रत्यक्ष पेप्टाइड 4 मिलिग्रॅम, म्हणजे 3.2 मायक्रोमोल भरते. 1 मिलिमोलर द्रावणासाठी अंतिम आकारमान 3.2 मिलिलिटर करावे लागते. निव्वळ प्रमाण विचारात न घेता ते 4 मिलिलिटर केल्यास द्रावण प्रत्यक्षात 0.8 मिलिमोलर होते आणि पुढील प्रत्येक मोजमापात ही चूक उतरते.

साखळीत ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन असल्यास 280 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांचे शोषण मोजून संहती पडताळता येते. या तरंगलांबीला ट्रिप्टोफॅनचा मोलर शोषण गुणांक सुमारे 5,500 आणि टायरोसिनचा सुमारे 1,490 धरतात. अधिक अचूकतेसाठी ॲमिनो आम्ल विश्लेषण केले जाते.

विद्रावण

द्रावक निवडण्यापूर्वी पेप्टाइडाचा एकूण प्रभार काढतात. लायसिन, आर्जिनिन आणि साखळीचे मुक्त अमिनो टोक यांना प्रत्येकी +1, तर ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि मुक्त कार्बॉक्सिल टोक यांना प्रत्येकी −1 मूल्य देतात. हिस्टिडिनचा प्रभार सामूवर अवलंबून असतो. या बेरजेवरून पुढीलप्रमाणे क्रम ठरतो.

• एकूण प्रभार धन असल्यास प्रथम निर्जंतुक, आयनविरहित पाणी वापरून पाहतात. न विरघळल्यास सौम्य ॲसिटिक आम्ल घेतात.
• एकूण प्रभार ऋण असल्यास पाण्यानंतर अमोनियम बायकार्बोनेटाचे सौम्य द्रावण वापरतात. सिस्टीन असलेल्या पेप्टाइडास अल्कधर्मी द्रावक टाळतात.
• जलविरोधी किंवा प्रभारहीन पेप्टाइड थोड्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये पूर्ण विरघळवून मग ढवळत्या बफरमध्ये थेंबाथेंबाने मिसळतात. हा द्रावक सिस्टीन व मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण करू शकत असल्याने अशा वेळी डायमिथाइल फॉर्मामाइडचा विचार केला जातो.

संपूर्ण पुडीवर प्रयोग न करता आधी तिच्या लहान भागावर द्रावक तपासणे आवश्यक असते, कारण एकदा घातलेला बिनबाष्पशील द्रावक काढून टाकणे कठीण असते. कुपी उघडण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवल्यास झाकणाला चिकटलेली पूड तळाशी येते. द्रावण स्वच्छ दिसले तरी त्यात सूक्ष्म पुंजके असू शकतात. अल्झायमर आजाराच्या अभ्यासात वापरले जाणारे ॲमिलॉइड बीटा हे पेप्टाइड याचे ठळक उदाहरण आहे. त्याचे आधीच तयार झालेले पुंजके मोडण्यासाठी हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉलची प्रक्रिया करतात.

पेशीसंवर्धनाच्या प्रयोगांत द्रावकाचा स्वतःचा परिणाम वेगळा ओळखता यावा म्हणून पेप्टाइड नसलेले, पण तितकाच द्रावक असलेले तुलना-द्रावण ठेवले जाते. बेंझाइल अल्कोहोल मिसळलेले जीवाणुरोधक पाणी जीवाणूंची वाढ रोखते. मात्र ते पेशींना घातक ठरू शकत असल्याने अशा प्रयोगांसाठी योग्य नसते.

ऱ्हासाची कारणे

पेप्टाइडाचा ऱ्हास मुख्यतः पाणी, ऑक्सिजन, उष्णता, प्रकाश, प्रतिकूल सामू आणि जीवाणूंची विकरे यांमुळे होतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीत रेणुभारातील बदलावरून त्याचा प्रकार ओळखता येतो.

• ऑक्सिडीकरण: मेथिओनिनमध्ये ऑक्सिजनचा एक अणू जोडला जाऊन रेणुभार 16 ने वाढतो. ट्रिप्टोफॅनही ऑक्सिडीकरणास बळी पडते.
• डायसल्फाइड बंध: सिस्टीनच्या दोन गंधकयुक्त गटांत बंध तयार होतो. तो एकाच रेणूत झाल्यास रेणुभार 2 ने घटतो. दोन रेणूंत झाल्यास जोडरेणू तयार होतो.
• अमाइड गटाचा नाश: ॲस्पॅराजिनचे रूपांतर ॲस्पार्टिक आम्लात होऊन रेणुभार 1 ने वाढतो. ॲस्पॅराजिननंतर ग्लायसिन असल्यास आणि सामू अल्कधर्मी असल्यास ही क्रिया जलद होते.
• साखळी तुटणे: ॲस्पार्टिक आम्ल व प्रोलिन यांच्यामधील बंध आम्लधर्मी द्रावणात तुलनेने सहज तुटतो.
• टोकाशी वलय बनणे: साखळीच्या आरंभी ग्लुटामिन असल्यास पायरोग्लुटामिक आम्ल तयार होऊन रेणुभार 17 ने घटतो.

साठवण

कोरडी पूड घट्ट बंद कुपीत, प्रकाशापासून दूर, −20 अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवतात. सिस्टीन, मेथिओनिन किंवा ट्रिप्टोफॅन असलेल्या पेप्टाइडांच्या कुपीत नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू भरणे हितकारक असते. थंड कुपी लगेच उघडल्यास हवेतील बाष्प पुडीवर जमते. म्हणून ती आधी सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ देतात. पूड ओलावा शोषणारी असल्याने वजनही झटपट करावे लागते.

द्रावण पुडीपेक्षा कितीतरी कमी टिकते. ते शक्यतो 5 ते 7 सामूच्या बफरमध्ये करून, एका प्रयोगास पुरतील अशा लहान भागांत विभागून −20 किंवा −80 अंशांना गोठवतात. एक भाग एकदाच वितळवून वापरतात. उरलेले पुन्हा गोठवत नाहीत. वारंवार गोठवणे-वितळवणे यामुळे पुंजके बनण्याची व ऱ्हासाची शक्यता वाढते. हिम आपोआप वितळवणारी शीतपेटी अधूनमधून तापत असल्याने या कामास अयोग्य ठरते. अतिसौम्य द्रावणातील पेप्टाइड कुपीच्या भिंतीला चिकटून संहती घटते. त्यासाठी कमी शोषण करणाऱ्या नळ्या वापरतात. प्रत्येक कुपीवर पेप्टाइडाचे नाव, खेप क्रमांक, द्रावक, संहती व तयारीची तारीख नोंदवतात.

हवामान आणि वीजपुरवठा यांचाही साठवणीवर परिणाम होतो. विदर्भाच्या पश्चिम टोकास असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, शेगाव यांसारख्या सखल भागांत उन्हाळ्यातील कमाल तापमान 40 अंशांच्या वर जाते, तर पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढते. अशा ठिकाणी उन्हाळ्यात पेप्टाइडांची वाहतूक शीतपेटीतून करणे आणि पावसाळ्यात कुपी कमीत कमी वेळ उघडी ठेवणे महत्त्वाचे ठरते. वीज खंडित झाल्यास शीतपेटीचे दार न उघडणे, तिच्यात किमान-कमाल तापमापक ठेवणे आणि वितळलेल्या द्रावणाची नोंद करणे हे साधे उपाय आहेत. कोरडी पूड अल्पकाळ उष्णता सहन करू शकते, म्हणून भरवशाचा वीजपुरवठा नसल्यास साठा द्रावणाऐवजी पुडीच्या रूपात ठेवणे श्रेयस्कर असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत जीवाणुरोधक पेप्टाइडांचा कॅम्प हा माहितीसंच विकसित झाला. त्याविषयीचा शोधनिबंध 2010 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे समीर माजी यांचा गट पेप्टाइडांच्या पुंजक्यांचा अभ्यास करतो. माजी प्रमुख लेखक असलेल्या 2009 मधील शोधनिबंधात पीयूषिका ग्रंथीतील काही पेप्टाइड संप्रेरके पेशींत ॲमिलॉइड स्वरूपात साठवली जातात असे दाखवले आहे. प्रयोगशाळेत बिघाड मानली जाणारी रचना सजीवांत साठवणीचे साधन ठरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर बेसाल्ट खडकातील आघाती विवरात असून त्याचे पाणी खारट व तीव्र अल्कधर्मी, सुमारे 10 सामूचे आहे. सरोवराच्या पाण्यातून इंडिबॅक्टर अल्कलिफिलस आणि नायट्रिटेलिया हॅलअल्कलिफिला या जीवाणूंच्या प्रजाती विलग करून 2010 मध्ये त्यांचे वर्णन करण्यात आले. सरोवरातील काही जीवाणू अल्कधर्मी परिस्थितीत कार्य करणारी प्रथिनविघटक विकरे तयार करतात. अशा सूक्ष्मजीवांवर पेप्टाइडांचा परिणाम तपासताना तीन अडचणी संभवतात. 10 च्या आसपासच्या सामूला लायसिनचा धनप्रभार घटू लागतो, ॲस्पॅराजिनचा ऱ्हास वेगाने होतो आणि जीवाणूंची विकरे साखळी तोडू शकतात. शिवाय अनेक धनप्रभारी पेप्टाइडांची जीवाणुरोधक क्रिया क्षारांमुळे मंदावते. त्यामुळे जीवाणू वाढत राहिला, तर तो पेप्टाइडास दाद देत नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या माध्यमात पेप्टाइड शिल्लक आहे का, हे पाहावे लागते.

सोयाबीन हे बुलढाणा जिल्ह्यातील प्रमुख खरीप पीक आहे. सोयाबीनच्या पेंडीचे विकरांनी अंशतः विघटन करून मिळणारे सोया पेप्टोन हे अनेक पेप्टाइडांचे मिश्रण असून जीवाणूंच्या संवर्धन माध्यमांत ते सर्रास वापरले जाते. त्याचा क्रम ठरलेला नसतो, तरी ते ओलावा शोषते आणि उघडे राहिल्यास गोळे होऊन खराब होते. त्यामुळे कोरड्या, बंद डब्यातील साठवणीचा नियम त्यालाही लागू आहे.

सुरक्षितता व मानवी वापर

संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या पेप्टाइडांच्या कुपीवर ती केवळ प्रयोगशाळेतील वापरासाठी असल्याचे नमूद असते. अशा मालात निर्जंतुकता, जीवाणूंची अंतर्विषे व क्षारांचे अवशेष यांची औषधांइतकी तपासणी बंधनकारक नसते. 95 टक्के शुद्धतेचा आकडा उरलेल्या 5 टक्क्यांच्या निरुपद्रवीपणाची हमी देत नाही. त्यामुळे शरीरसौष्ठव किंवा वजन घटवण्यासाठी अशी पेप्टाइडे टोचून घेणे धोकादायक आहे. बीपीसी-157 या पेप्टाइडाचा समावेश जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेने 2022 च्या निषिद्ध यादीत केला. भारतात नव्या औषधांच्या मानवी चाचण्यांसाठी नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, 2019 अन्वये परवानगी आवश्यक असते. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन यांसारखी औषधी पेप्टाइडे मान्यताप्राप्त उत्पादने असून त्यांच्या साठवणीबाबत वेष्टनावरील सूचनाच पाळाव्या लागतात; उदाहरणार्थ, इन्सुलिन गोठवल्यास ते निकामी होते.

प्रयोगशाळेत पूड हाताळताना हातमोजे, चष्मा व मुखपट्टी वापरतात. ज्या पेप्टाइडाची जैविक क्रिया अज्ञात आहे, ते क्रियाशील आहे असे गृहीत धरूनच काम केले जाते.

हेही पहा

• ॲमिनो आम्ल
• प्रथिन
• इन्सुलिन
• लोणार सरोवर
• बुलढाणा जिल्हा