कलकत्ता विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग : अध्यापनातून संशोधनाकडे

भारतात भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन आणि मूलभूत संशोधन यांची सांगड ज्या विद्यापीठांनी प्रथम घातली, त्यांत कलकत्ता विद्यापीठ अग्रणी होते. विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी सर आशुतोष मुखर्जी यांच्या हस्ते २७ मार्च १९१४ रोजी झाली. त्यासाठीचा निधी मुख्यतः तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन विधिज्ञांच्या देणग्यांतून उभा राहिला. या देणग्यांतून निर्माण होणाऱ्या प्राध्यापकपदांवर भारतीयांचीच नियुक्ती व्हावी, अशी अट होती. शिक्षण खात्यातील वरिष्ठ पदे बहुतांशी युरोपीयांकडे असण्याच्या त्या काळात ही अट निर्णायक ठरली.

विभागातील तरुण अध्यापकांमध्ये मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोघे मूळचे गणिताचे पदव्युत्तर पदवीधर होते. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील नवी नियतकालिके दुर्मीळ झाली होती. दोघांनी जर्मन भाषा आत्मसात केली, ग्रंथ उसने मिळवले आणि आधी स्वतः शिकून मग विद्यार्थ्यांना शिकवले. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धान्तावरील लेखांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केला. उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र शिकवत असतानाच साहा यांच्या मनात औष्णिक आयनीभवनाचा सिद्धान्त आकाराला आला. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सिद्धान्तामुळे ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांच्या तापमानाचा उलगडा करणे शक्य झाले.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अर्थखात्यातील नोकरी सोडून १९१७ मध्ये पालित प्राध्यापकपद स्वीकारले. त्यांचे प्रयोग प्रामुख्याने बहुबाजार येथील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चालत. तेथेच के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने चाललेल्या संशोधनातून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ प्रकाशात आला. त्यासाठी रामन यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

विभा चौधुरी यांनी १९३६ मध्ये याच विभागातून एम.एस्सी. पदवी संपादन केली. त्या वर्षी ही पदवी मिळवणाऱ्या त्या एकमेव महिला होत्या. बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्यासमवेत त्यांनी छायाचित्रण पट्टिकांच्या साहाय्याने वैश्विक किरणांतील कणांचा शोध घेतला. मात्र दुसऱ्या महायुद्धामुळे अधिक संवेदनशील पट्टिका मिळू शकल्या नाहीत. पुढे सुधारित पट्टिकांच्या आधारे पाय-मेसॉनचा शोध लावणारे सेसिल पॉवेल १९५० च्या नोबेलचे मानकरी ठरले. चौधुरी यांनी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काम केले.

साहा १९३८ मध्ये अलाहाबादहून परतले आणि त्यांनी अणुकेंद्रीय भौतिकीला अभ्यासक्रमात स्थान दिले. त्याच प्रयत्नांतून १९५० मध्ये सुरू झालेली संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साधनांच्या उणिवेने या विभागातील काही संधी हिरावल्या. तथापि शिकवणाऱ्याने स्वतः विद्यार्थी राहावे, ही त्याने घालून दिलेली परंपरा पुढील पिढ्यांसाठी आदर्श ठरली.