सुनावणी उघडी, विचारविनिमय बंद

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. या दोन गोष्टींचा तसा संबंध काही नाही. पण वसमतच्या हळदीच्या शेतातला पंप असो की हिंगोलीतली पिठाची गिरणी, तिथल्या विजेचा दर पुढे हाच आयोग ठरवू लागला. ठरवताना तो आपल्यासमोर असतो का, हे आज आपण पाहू.

आयोगाआधी दर ठरायचे ते वीज मंडळ आणि सरकार यांच्यात. ८ डिसेंबर १९९३ रोजी मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला, आणि त्यातल्या अटी लोकांपासून दूर राहिल्या. वीज इतकी महाग पडली की मे २००१ मध्ये मंडळाला खरेदी थांबवावी लागली. बंद दाराआड ठरलेल्या गोष्टीचा भार कोणावर पडतो, हे आपण तेव्हा पाहिलं.

२००३ च्या वीज कायद्याने दार थोडं उघडलं. कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. कलम ८६(३) तर पारदर्शकतेची जबाबदारी थेट आयोगावर टाकतं. म्हणून जाहीर सुनावण्या होतात. मराठवाड्याची सुनावणी संभाजीनगरला. इथून दोनशे किलोमीटरहून लांब, पण लेखी हरकत कोणालाही देता येते.

मात्र ऐकणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने संघराज्याच्या बहुसदस्यीय आयोगांच्या बैठकाही, काही अपवाद सोडून, खुल्या केल्या. निर्णयाला पुरेसे सदस्य जमून कामाची चर्चा करू लागले, की ती बैठकच. आपल्या वीज कायद्यात असं बंधन नाही. आपला आयोग जास्तीत जास्त तीन जणांचा. त्यांची आपसातली चर्चा आपल्याला ऐकू येत नाही.

न्यायाधीशही एकांतातच विचार करतात, असं यावर कोणी म्हणेल. खरंय. पण कोर्टाचा निकाल मुख्यतः वादी-प्रतिवादींपुरता असतो. दराचा आदेश तर सुनावणीला न आलेल्या कोट्यवधींना लागू होतो. म्हणून इथे जास्त उघडेपणा मागणं रास्त आहे.

तो मिळेपर्यंत आपल्या हाती आदेशातली कारणं उरतात. हरकत दिली असेल तर आदेश उघडून बघायचं: तिला उत्तर दिलंय, की नुसती नोंद केलीय? नुसती नोंद असेल, तर आपलं म्हणणं ऐकलं गेलं, विचारात घेतलं गेलं नाही. कायद्याने मागितलंय ते दुसरं.