सत्तर वाव पाण्याखालची मराठी

उल्हासनगरात जुन्या नाण्यानोटांचा संग्रह करणारे आमचे एक परिचित आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आम्हाला एक नोट दाखवली. निजामाच्या हैदराबाद संस्थानची, कडांना तपकिरी डाग पडलेली, आणि स्वाक्षरीची जागा कोरी. नोटेवरची किंमत उर्दूबरोबरच मराठी, तेलुगू, कन्नड व इंग्रजीतही छापलेली होती. मराठीच्या मास्तरांची नजर आधी कुठे जाणार हे सांगायला नको. 'ही दहा वर्षे समुद्राच्या तळाशी होती,' असे ते शांतपणे म्हणाले, आणि मग आम्हाला त्या बुडालेल्या जहाजाचा माग काढणे भाग पडले.

जहाजाचे नाव 'इजिप्त'. पी अँड ओ कंपनीची ही आगबोट १९ मे १९२२ रोजी लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबईला निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फ्रान्सच्या उशाँ बेटाजवळ, दाट धुक्यात 'सेन' नावाचे फ्रेंच मालवाहू जहाज तिच्यावर आदळले. 'सेन'ची नाळ बर्फ फोडण्यासाठी मजबूत केलेली होती. तिने 'इजिप्त'ची कूस फाडली. सुमारे वीस मिनिटांत सारे संपले. बोटीवर ४४ उतारू आणि २९४ कर्मचारी होते. त्यांतले १५ उतारू आणि ७१ कर्मचारी बुडाले. त्यांच्याबरोबर सुमारे पाच टन सोने, त्याच्या दुपटीच्या आसपास चांदी, आणि निजाम सरकारसाठी इंग्लंडात छापलेल्या नोटांचे गठ्ठेही गेले. त्या नोटांवर सह्या हैदराबादेत व्हायच्या होत्या. म्हणजे तळाशी गेले ते अजून पैसा न झालेले कागद होते.

पुढची कथा युरोपात फार गाजली, आणि ती गाजण्याजोगीच आहे. लॉइड्सच्या विमेदारांनी भरपाई चुकती केली. सोन्यावरचा हक्क त्यांच्याकडे आला. पण सोने होते १२८ मीटर खोल, म्हणजे आपल्या कोकणी खलाशाच्या मापाने सत्तर वाव. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. त्या तळाशी माणसाच्या अंगावर जवळपास चौदा वातावरणांचा भार येतो. रबरी पोशाख आणि तांब्याचे शिरस्त्राण घालणारा त्या काळचा पाणबुड्या नळीतून येणारी साधी हवा घेत असे. साठ-सत्तर मीटरच्या खाली त्या हवेतला नायट्रोजनच त्याला झिंग आणी, आणि वर येताना तोच रक्तात बुडबुडे होऊन जीव घेई. शिवाय अटलांटिकचे अंधारे, गोठवणारे पाणी, भरती-ओहोटीचे जबर प्रवाह आणि वर्षातून मोजकेच शांत आठवडे.

सोरिमा या इटालियन कंपनीने हे काम घेतले. जोवान्नी क्वालिया तिचे प्रमुख, तर अल्बेर्तो जियान्नी हे मुख्य पाणबुडे. जियान्नी यांचे चातुर्य असे की, त्यांनी माणसाला पाण्याशी झुंजायला लावलेच नाही. त्यांनी एक पोलादी नळकांडे केले, माणूस जेमतेम उभा राहील एवढे, वर जाड काचेच्या खिडक्या. आतला दाब जमिनीवरचाच. पाणबुड्या त्यात बसून तारेने खाली जाई आणि टेलिफोनवरून सांगे: डावीकडे, थोडे पुढे, सोडा, मिटा. वरच्या जहाजावरून सोडलेला लोखंडी पंजा त्याच्या शब्दावर उघडे आणि मिटे. पाणबुड्याला हात नाहीत, फक्त डोळे आणि वाणी! साहित्याच्या वर्गात निवेदकाची जागा समजावताना हा दृष्टान्त आम्ही यापुढे वापरणार आहोत.

दोन जहाजांमध्ये तार ताणून समुद्राचा तळ खरवडत ऑगस्ट १९३० मध्ये 'इजिप्त' सापडली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला, हिवाळ्याचे काम म्हणून, पहिल्या महायुद्धात बुडालेल्या 'फ्लॉरेन्स एच' या दारूगोळ्याच्या जहाजाचे अवशेष उडवताना मोठा स्फोट झाला. त्यात सोरिमाचे 'आर्तिल्यो' हे जहाज बुडाले. जियान्नी आणि त्यांचे जोडीदार पाणबुडे फ्रान्चेस्की व बार्जेल्लिनी मृत्युमुखी पडले. उरलेल्यांनी दुसरे जहाज आणले, डेकमागून डेक सुरुंगाने फोडले, आणि २२ जून १९३२ रोजी पहिले सोने वर आले. पंजाने मधल्या अडगळीतून काढलेल्या वस्तूंत हैदराबादच्या नोटाही होत्या. 'टाइम्स'चे प्रतिनिधी डेव्हिड स्कॉट हे सारे जहाजावरून पाहत होते. त्यांची या मोहिमेवरची पुस्तके वाचनीय आहेत.

एक विपर्यास मात्र नोंदवायला हवा. हे सोने मुंबईला यायचे होते. ते वर आले तेव्हा जग मंदीत होते, सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला होता, आणि मुंबईच्याच धक्क्यावरून शेतकऱ्यांनी मोडलेल्या दागिन्यांचे सोने जहाजे भरभरून लंडनला चालले होते.

आता राहिले ते ७१. त्यांत नावागावाने कोण होते हे या पुस्तकांत शोधून सापडत नाही. पी अँड ओची रीत ठाऊक आहे: डेकवर बरेचसे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, मुख्यतः मुसलमान खलाशी, सारंग आणि तांडेल यांच्या हाताखाली, भट्टीपाशी पंजाबी व पठाण, आणि जेवणघरात गोवेकर. त्यांना 'लास्कर' हा एकच शब्द आणि युरोपीय खलाशाच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्श्याचा पगार. दुर्घटनेनंतर लंडनच्या वृत्तपत्रांत आरोप झाले की, हे लोक उतारूंना मागे सारून होड्यांवर तुटून पडले. उतारूंपैकी तिसरा हिस्सा बुडाला आणि कर्मचाऱ्यांपैकी चौथा, हे आकडे त्या आरोपाला बळ देतात, हे आम्ही लपवीत नाही. पण कलंडलेल्या बोटीच्या एका बाजूच्या होड्या निकामी होतात, आणि बंदर सोडून एकच दिवस झालेल्या बोटीवर कोणी कोणत्या होडीकडे जायचे याचा सराव तो किती असणार? चौकशीनंतर प्रमाणपत्र सहा महिन्यांसाठी निलंबित झाले ते कप्तानाचे. आरोप मात्र खलाशांच्या अंगावरच राहिला. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, आणि अंगठा उठवून नोकरीला लागलेल्याला ते लिहिताही येत नाही.

मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची नावे कोरलेली आहेत. 'इजिप्त'चे खलाशी शांततेच्या काळात मेले, म्हणून ते त्या यादीत बसत नाहीत. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली 'रामदास' मराठी घरांत अजून आठवली जाते, कारण तिच्यावर उतारू आपले होते. 'इजिप्त'वर आपले होते ते नोकर.

आणि नोटेवरची ती मराठी? तीही नोकरीवरच होती म्हणायची. निजामाने कागदी चलन काढले १९१८ मध्ये. त्याच वर्षी स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू ठरले. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतल्या रयतेची भाषा व्यवहारात रक्कम ओळखण्यापुरती चालली, शिकण्यासाठी नाही. त्या भाषेतली चार अक्षरे दहा वर्षे अटलांटिकच्या तळाशी टिकली. शाई चांगली होती.

आम्ही ती नोट परत केली तेव्हा आमच्या परिचितांनी किंमत सांगितली. अशा नोटांना संग्राहकांच्या लिलावात भाव येतो, तो बुडाल्यामुळेच. प्लास्टिकच्या पाकिटात ती पुन्हा ठेवताना त्यांनी विचारले, 'त्या खलाशांपैकी कुणाच्या घरी काही कागद असेल का हो? पगाराची पावती, नळीचे पुस्तक?' नळी म्हणजे खलाशाचे नोकरीचे पुस्तक; धक्क्यावरचा हा शब्द त्यांना माहीत होता, आम्हाला नव्हता. रत्नागिरीकडचे आमचे दोन विद्यार्थी दिवाळीत गावी जातील, त्यांना विचारून पाहायला सांगितले आहे.