बिदरचा घोडेबाजार आणि बिदरचे आकाश

बिदर म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो बहमनी सुलतानांचा किल्ला, महमूद गवानच्या मदरशाचा रंगीत फरशांनी मढविलेला मिनार आणि काळ्या धातूवर चांदीची नक्षी मिरविणारी बिदरी सुरई. परंतु भालकी, औराद किंवा सरहद्दीपलीकडील उदगीर या भागांतील माणसांना बिदरची आणखी एक ओळख आहे. ती म्हणजे आकाश. बिदर ही गेली अनेक दशके लढाऊ वैमानिकांची शाळा आहे. तेथे शिकलेला तरुण पुढे वायुदलाच्या तळावर जातो, किंवा नौदलात जाऊन समुद्रात डुलणाऱ्या विमानवाहू नौकेवर विमान उतरविण्याची अवघड विद्या शिकतो.

आज युद्धशास्त्रात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. माणूस बसलेले लढाऊ विमान आणखी किती दिवस टिकणार? मानवरहित विमाने व क्षेपणास्त्रे स्वस्त आणि अचूक होत असताना कोट्यवधी रुपयांची विमाने परदेशातून घ्यावीत काय? प्रश्न नवा दिसतो. पण बिदरच्या भूमीने त्याचे एक जुने रूप पाहिले आहे.

पंधराव्या शतकात लढाऊ विमानाचे स्थान घोड्याला होते. अरबस्तानातील व इराणातील जातिवंत घोडे गलबतांतून चौल, दाभोळ व गोवा या बंदरांत उतरत आणि घाट चढून दख्खनच्या राजधानीकडे जात. त्वेर या रशियन नगरीचा व्यापारी अफनासी निकितिन सन १४६९ च्या सुमारास असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या सुभेदाराने तो हिरावून घेतला. मध्यस्थीने तो परत मिळाला, आणि अखेर निकितिनने तो बिदरला विकला. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या जत्रेचे वर्णनही त्याने केले आहे. तेथे वीस हजार घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. आकडा अतिशयोक्त धरला तरी मागणी केवढी होती हे त्यावरून कळते.

ही मागणी एकदा पुरवून भागणारी नव्हती. घोडा म्हातारा होई, युद्धात पडे, दख्खनच्या उन्हाळ्यात आजारी पडे. दरसाल नवे घोडे हवे असत, आणि ते समुद्रापलीकडून येत. म्हणून समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या बिदरच्या राज्यकर्त्यांना बंदरांची काळजी वाहावी लागे. वजीर महमूद गवानने कोकणची मोहीम काढून सन १४७२ मध्ये गोवा जिंकले, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. पुढे १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. तेव्हा घोडे कोणाला द्यावेत आणि कोणाला देऊ नयेत, हे ठरविण्याचे सामर्थ्यही त्यांच्या हाती गेले. विजापूर आणि विजयनगर या दोन्ही दरबारांना त्या घोड्यांसाठी गोव्याकडे पाहावे लागले. जो आपले वाहन दुसऱ्याकडून घेतो, त्याला विकणाऱ्याच्या सोयीने चालावे लागते, हा त्या व्यवहाराचा पहिला धडा.

दुसरा धडा तोफेने दिला. गवानने बेळगावच्या वेढ्यात सुरुंगाची दारू वापरली, असे बखरकार सांगतात. तोफा आल्या, बंदुका आल्या. आता घोडेस्वार संपला, असे त्या काळी कोणास वाटले असते तर नवल नव्हते. परंतु घोडेस्वार संपला नाही. तो बदलला. जड चिलखती स्वाराची सद्दी ओसरली आणि सतराव्या शतकात मराठ्यांचा हलका, चपळ स्वार पुढे आला. त्याच्या मांडीखाली बहुधा अरबी घोडा नसे. भीमेच्या काठी वाढलेले काटक भीमथडीचे तट्टू असे. दिसायला ते लहान, पण ते घरचे होते. मेले तर दुसरे मिळे, आणि त्यासाठी कोणत्याही बंदराची मनधरणी करावी लागत नसे.

हे दोन धडे मनात ठेवून विसाव्या शतकाकडे पाहावे. सन १९५७ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी एक श्वेतपत्रिका काढली. यापुढचा काळ क्षेपणास्त्रांचा आहे, वैमानिकाने चालविलेल्या लढाऊ विमानांची गरज उरणार नाही, असा तिचा रोख होता. अनेक विमानांच्या योजना तेथे रद्द झाल्या. परंतु याच ब्रिटनमध्ये जन्मलेले आणि पुढे बंगळूरला बांधले गेलेले लहानगे नॅट विमान १९६५ च्या युद्धात आपल्या वैमानिकांनी गाजविले. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले. सँडिस यांचे भाकीत निदान दोन पिढ्यांपुरते तरी चुकले. क्षेपणास्त्राने वैमानिकाला हटविले नाही. ते त्याच्याच विमानाच्या पंखाखाली जाऊन बसले.

बिदरच्या विमानतळाचा इतिहास याच काळातला. धावपट्टी निजामी अमदानीतली. १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात हैदराबाद संस्थानात शस्त्रे उतरवीत होता. त्या चोरट्या वाहतुकीशी बिदरचेही नाव जोडले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईने तो अध्याय संपला. पुढे याच बिदरला भारतीय वायुदलाची प्राथमिक उड्डाणशाळा आली आणि शिकाऊ मुले एचटी-२ विमानावर पहिले धडे गिरवू लागली. ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडालेले हे विमान बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झाले, आणि त्याचे शिल्पकार होते कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गटिंगेन येथे प्रख्यात शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या या मराठी माणसाने देशाला पहिले शिकाऊ विमान दिले. १९६४ साली उडालेल्या किरण या जेट विमानाच्या आराखड्यामागेही त्यांचीच बुद्धी होती. हीच भीमथडीच्या तट्टाची परंपरा म्हणावयाची. १९९६ पासून ‘सूर्यकिरण’ या कसरतपथकाने बिदरच्या आकाशात याच किरण विमानांचे ताफे नाचविले.

परंतु एक उणीव राहिली, आणि तिची किंमत तरुण प्राणांनी मोजली. किरणवर शिकलेल्या मुलाला एकदम मिग-२१ सारख्या अतिवेगवान विमानात बसावे लागे. मधली पायरी हवी, प्रगत शिकाऊ जेट हवे, अशी शिफारस १९८२ साली तज्ज्ञ समितीने केली. करार मात्र मार्च २००४ मध्ये झाला. ६६ हॉक विमानांपैकी २४ इंग्लंडहून आली व ४२ बंगळूरला बांधावयाची ठरली. २३ फेब्रुवारी २००८ रोजी बिदरला हॉक विमानांचा समारंभपूर्वक प्रवेश झाला. शिफारस आणि समारंभ यांत सव्वीस वर्षे लोटली. एवढ्या काळात जन्मलेले मूल वैमानिक होऊन उडू लागते! त्या मधल्या वर्षांत अपघातांत गेलेल्या मुलांच्या आईबापांना विमानाच्या भवितव्याचा वाद कसा वाटत असेल, याचा विचार व्हावयास हवा. २०१६ साली देशातील पहिल्या तीन स्त्री लढाऊ वैमानिक, अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंह, यांनी याच बिदरला हॉकवर शिक्षण घेतले, तेव्हा ती पायरी जागेवर होती, हे समाधान.

नौदलाची गोष्ट वेगळी नाही. गवानने जिंकलेल्या गोव्यातच, दाबोळीला, आज नौदलाच्या विमानांचा मोठा तळ आहे. रशियाकडून २००४ व २०१० च्या करारांनी ४५ मिग-२९के विमाने घेतली गेली. पण २०१६ साली महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, त्यांपैकी उड्डाणास सज्ज असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६ ते ३८ च्या आसपासच होते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन येथे बांधलेली नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी फ्रान्सकडून २६ राफेल-एम विमाने घेण्याचा करार २८ एप्रिल २०२५ रोजी झाला. नौका आधी आली, तिचे नवे विमान मागाहून. स्वदेशी तेजसच्या नौदलीय नमुन्याने ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्य नौकेवर उतरून दाखविले. परंतु त्याहून मोठ्या स्वदेशी विमानास अवकाश आहे.

मग मानवरहित विमानांचे काय? ती आली आहेत व वाढणार आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी विमाने घेण्याचा करार केला. त्यांतील १५ नौदलासाठी आहेत. माणसाच्या विमानाबरोबर साथीदार म्हणून उडणारे वैमानिकरहित विमान बंगळूरला आकार घेत आहे. तोफेने घोडेस्वार जसा बदलला, तसा यंत्राने वैमानिकही बदलेल. कदाचित एक वैमानिक पाच यंत्रांचा नायक होईल. पण तो नायकही कोठेतरी शिकलाच पाहिजे, आणि निर्णय घेण्याची शिकवण एका वर्षात मिळत नाही.

म्हणून विमानात माणूस राहील की नाही, यापेक्षा वाहन घरचे आहे काय आणि निर्णय वेळेवर होतो काय, हे दोन प्रश्न अधिक मोलाचे ठरतात. महमूद गवान १४८१ साली एका बनावट पत्रावरून सुलतानाच्या हुकमाने मारला गेला, आणि बहमनी राज्य हळूहळू मोडले. आळंदच्या जत्रेतले घोडे त्याला वाचवू शकले नाहीत. भीमेकाठची तट्टे मात्र पुढे दीडशे वर्षे अटकेपासून तंजावरपर्यंत दौडत राहिली.